माझ्या वाट्याला आलेलं जुनं औषध

शिंकल्यामुळे माझी बरगडी मोडली असं मी सांगते तेव्हा लोक आधी हसतात. मीही हसलेच होते. इस्लामपूरच्या घरात सकाळी तिखटाचा डबा भरत होते. खकाणा नाकात गेला, एक जोरदार शिंक आली आणि डाव्या कुशीत वाळकी काडी मोडावी तसं कट्कन वाजलं. हे बाहेर पेपर वाचत होते. हे म्हणजे माझे मिस्टर. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि इतक्या वर्षांनी मला ती सवय मोडायचीही नाही. ते आत आले तेव्हा मी ओट्याला धरून उभी होते, आणि मला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

हाडांचे डॉक्टर पट्टा बांधून घरी पाठवतील असं वाटलं होतं. पण ते स्क्रीनवरचा एक्स-रे मोठा करून करून बघत राहिले.

"बाई, नुसत्या शिंकेनं बरगडी मोडत नसते," ते म्हणाले. "आणि हे बघा."

बरगडीत आणि खांद्याच्या हाडात बारीक गोल भोकं दिसत होती. कागदाला पंचिंग मशीननं पाडतो तशी.

मग रक्त झालं, लघवी झाली आणि आम्हाला सांगलीला पाठवलं. तिथल्या रक्तविकारांच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी कमरेच्या हाडातून मगजाचा नमुना काढला. तो काढतानाची कळ मी इथे लिहीत नाही. ती थोडाच वेळ असते, पण तेवढ्यात माणसाला आपले सगळे पूर्वज आठवतात. पुढच्या खेपेला त्यांनी आम्हाला बसवून आजाराचं नाव सांगितलं. मल्टिपल मायलोमा. रक्ताचा कॅन्सर, पण हाडांच्या आत राहणारा.

"मगजात एका जातीच्या पेशी असतात," त्या म्हणाल्या. "एरवी त्या जंतूंशी लढायला प्रथिनं बनवतात. तुमच्यातल्या बेसुमार वाढल्यात आणि एकाच छापाचं निरुपयोगी प्रथिन बनवत सुटल्यात. त्यांच्यामुळंच हाडं पोखरलीत, रक्त कमी झालंय."

त्यांनी एक आलेख दाखवला. आडव्या रेषेवर एका ठिकाणी देवळाच्या कळसासारखा उंच, अरुंद सुळका. मी आख्खी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केली. हंगामात उसाच्या रसाचे नमुने तपासून आकडे लावायचे, हे माझं काम. आलेख मला कळतो. तो सुळका बघितला आणि पुढचं काही विचारायची गरज उरली नाही. ह्यांनी मात्र विचारलं, "बरं होईल ना?"

"मुळासकट जाईल असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण दाबून ठेवता येतो. वर्षानुवर्षं. माझ्याकडे असे पेशंट आहेत जे रोज शेतात जातात, नातवंडांना शाळेत सोडतात. तुम्हाला तसं बघायचंय मला."

'तुम्हाला तसं बघायचंय मला' हे त्यांचं वाक्य मी त्या दिवशी घरी येईपर्यंत मनात धरून बसले होते.

स्वतःच्याच पेशी काढून साठवायच्या, जबर औषध द्यायचं आणि त्या परत घालायच्या, असा एक मोठा उपचार या आजारात करतात. माझ्या हृदयाच्या जुन्या दुखण्यामुळं तो मला झेपला नसता. माझ्यासारख्या लोकांसाठी त्या हॉस्पिटलात त्या वेळी एक संशोधन चालू होतं. नेहमीचे उपचार म्हणजे तीन औषधं : आठवड्याला पोटाच्या कातडीत एक इंजेक्शन, घरी घ्यायच्या कॅप्सुल, आणि आठवड्यातून एकदा स्टेरॉइड. संशोधनात अर्ध्या लोकांना ही तीन मिळणार होती आणि अर्ध्यांना त्यांच्याबरोबर आणखी एक नवं इंजेक्शन. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरांच्या हातातसुद्धा ते नव्हतं.

हे सगळं समजावून सांगायला एक हसरी मुलगी होती. सगळे तिला रिसर्चवाली म्हणत. तिनं मला माहितीची पानं दिली, घरी नेऊन वाचायला सांगितली आणि दोनदा बजावलं, "नको म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत. मधेच सोडलंत तरी नाही."

मी वाचली. ह्यांनी माझ्याहून जास्त वाचली. हे कारखान्याच्या शेती खात्यात होते. नव्या उसाच्या जातीची बेणी आली की शेतकऱ्यांच्या रानात लावून बघणं ही त्यांची आयुष्यभराची नोकरी.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "नवी जात कायम जुन्या जातीच्या शेजारी लावायची. नाहीतर ऊस चांगला आला तो जातीमुळं का पाण्यामुळं, कळणार कसं?"

"मी ऊस नाही," मी म्हणाले.

ते उठून आत गेले. थोड्या वेळानं चहा करून घेऊन आले. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

चाची मला भेटल्या त्या सही करायच्या दिवशी. रिसर्चवालीच्या खोलीबाहेर बाकावर एक साठीपुढच्या बाई बसल्या होत्या. गोल अंगाच्या, हिरवट डोळ्यांच्या, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, कमरेला पट्टा. त्या मणेर. इस्लामपूरजवळच्या एका गावच्या. उभं आयुष्य बांगड्या भरण्याचं काम केलेलं; नवरा गेल्यावर टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडून मुलाला मोठं केलेलं. आता मुलाचं तालुक्याला दुकान होतं आणि सून दुकानात बांगड्या भरायची, पण लग्नाचा चुडा म्हटलं की लोक अजून त्यांनाच बोलवायचे. त्यांच्या पाठीचा मणका दबला होता. त्यातून आजार सापडला.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून रिसर्चवाली त्यांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवणार होती, एक बाहेरचा साक्षीदार बसणार होता, आणि समोर व्हिडिओ कॅमेरा लावला होता. कॅमेरा बघून चाचींनी पदर सारखा केला.

"टीव्हीवर दावनार काय?" त्यांनी विचारलं.

"नाही चाची, तुम्हाला सगळं नीट सांगितलं याचा तो पुरावा असतो."

"मग हसून बोलू का साधं?"

दार बंद झालं. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"आवं बाई, तुमी शिकलेल्या दिसताय," त्या म्हणाल्या. "मला समजलं ते असं : चिठ्ठ्या टाकनार, एका चिठ्ठीत जुनं, एका चिठ्ठीत जुनं आनि नवं. बरोबर हाय?"

"अगदी बरोबर."

"आन् चिठ्ठी उचलनार मशीन."

"हो."

"मग बरं हाय. मानसानं उचलली की भांडनं व्हतात."

बोलता बोलता कळलं, की आम्हा दोघींना एकाच वारी यायचं आहे. चाचींना मुलगा मोटारसायकलवर आणणार होता, त्या दबलेल्या मणक्यानिशी. हे लगेच म्हणाले, "आमच्या गाडीतून या. आम्ही तुम्हाला घेऊन येऊ, घेऊन जाऊ." चाचींनी आधी नाही म्हटलं, मग मुलाला फोन लावला, मग आम्हाला विचारलं की गाडीत बसल्यावर मला मळमळतं, खिडकी उघडी चालेल का. चालेल म्हटल्यावर त्या तयार झाल्या.

पुढच्या आठवड्यात मशीननं चिठ्ठ्या उचलल्या. चाचींना नवं आलं. मला जुनं.

रिसर्चवालीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी अगदी शहाण्यासारखं "ठीक आहे" म्हणाले. फोन ठेवला आणि देवघरासमोर जाऊन बसले. मला राग आला होता. कोणाचा ते कळेना. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की नवं चांगलंच असेल असं नाही, ते कळायलाच तर सगळं चाललंय. आणि नेहमीचे उपचार म्हणजे काही दुय्यम नाहीत, आज जगभर तेच देतात. हे सगळं मला पटत होतं. तरीही पंगतीत शेजारच्या पानावर एक पदार्थ जास्त पडावा आणि आपलं पान तसंच पुढं जावं, तसं वाटत राहिलं. ह्यांनी उसाचं नाव काढलं नाही. त्यांनी त्या दिवशी वांग्याचं भरीत केलं. ते त्यांना चांगलं जमतं.

पहिल्या दिवशी गाडीत चाचींनी हे सगळं ओळखलं. आष्टा मागं पडलं तशा त्या म्हणाल्या, "बाई, माझं नवं तुमी घ्या. मी जुनं घेते. मला काय, मी म्हातारी."

"तसं नाही करता येत, चाची."

"का न्हाई? दोगी राजी असलो मंजी झालं की."

हॉस्पिटलात पोचल्यावर त्यांनी खरोखर डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर आधी हसल्या, मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"चाची, अदलाबदल केली तर आम्हाला काहीच कळणार नाही. जे जिच्या वाट्याला आलं ते तिनं घ्यायचं, म्हणजे पुढच्या माणसाला काय द्यावं ते कळेल. आणि बाईंची काळजी करू नका. त्यांच्यावर माझं लक्ष तेवढंच आहे."

चाचींनी मान हलवली, पण माझ्याकडं बघून ओठ मुडपले. मी प्रयत्न केला बरं का, असा तो चेहरा होता.

उपचाराच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. मला पोटावर छोटं इंजेक्शन दिलं आणि झालं. चाचींना आधी गोळ्या दिल्या, थांबवलं, मग सिस्टरनी नवं औषध पोटात सावकाश, अगदी सावकाश सोडलं. त्यानंतर बराच वेळ तिथंच बसून राहायचं होतं. आम्ही गप्पा मारत होतो. चाची सांगत होत्या की पूर्वी लोक काचेची कशी पारख करायचे, आणि मधेच थांबल्या.

"थंडी वाजतीया," त्या म्हणाल्या.

बघता बघता त्यांचे दात वाजायला लागले. ओठ पांढरे पडले. त्यांनी माझा हात धरला, आणि तो हात इतका जोरात थरथरत होता की माझ्या हातातलं घड्याळ वाजत होतं. मी ओरडले. सिस्टर आलीच. अजिबात गडबड न करता तिनं ऑक्सिजन लावला, सलाइनमधून दोन औषधं दिली, पांघरूण घातलं. डॉक्टर येऊन उभ्या राहिल्या. "पहिल्या वेळी होतं कधी कधी. थांबेल आता. माझ्याकडं बघा चाची, श्वास घ्या."

थांबलं. चाचींचा घाम पुसताना मला एवढंच कळत होतं की यांना काही होता कामा नये. माझा राग कुठं गेला ते मी शोधलंही नाही. दुसऱ्या आठवड्यात गाडीत बसल्यावर आठवलं की अरे, तो गेलाच की.

नंतरच्या इंजेक्शनांना त्यांना कसलाही त्रास झाला नाही. आमचा एक क्रम बसला. इस्लामपुरातून निघायचं, चाचींचं गाव थोडं आडवळणाला, तिथून त्यांना घ्यायचं. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली की हे पुढच्या ट्रॉलीतल्या उसाची जात ओळखून सांगायचे आणि चाची म्हणायच्या, "व्हय का!" दर वेळी तेवढ्याच आश्चर्यानं. मी कधी एवढ्या आश्चर्यानं ऐकलं नव्हतं, म्हणून हे हरखून जायचे.

स्टेरॉइडच्या दिवशी आम्हा दोघींच्या अंगात वारं भरायचं. परतीच्या वाटेवर दोघीही एकाच वेळी बोलायचो. घरी येऊन मी माळ्यावरची भांडी काढून घासायचे, कपाटं लावायचे, नको त्या नातेवाइकांना फोन करायचे. चाचींच्या सुनेनं मला सांगितलं की त्या दिवशी सासूबाई दुकानातल्या सगळ्या बांगड्यांची खोकी उतरवतात आणि रंगवार परत लावतात. दुसऱ्या दिवशी मात्र दोघी गळाठलेल्या. त्या गोळ्यांनी साखरही वाढायची, म्हणून गोड बंद होतं. मोहरमला चाचींनी चोंगे, गुळाच्या गोड पोळ्या, करून आणले तेव्हा आमच्यापैकी फक्त ह्यांना खाता आले. आम्ही दोघी मागच्या सीटवरून त्यांच्याकडं बघत होतो.

"हळू खावा," चाची म्हणाल्या. "निदान आमाला बघू तरी द्या."

चार-पाच महिन्यांत माझ्या आलेखातला सुळका खाली यायला लागला. चाचींचा माझ्याहून लवकर उतरला होता. मी डॉक्टरांना त्याचं कारण विचारलं, नव्या औषधामुळं का? त्या म्हणाल्या, "दोन माणसांवरून मी काही सांगणार नाही. तुम्हीही ठरवू नका." प्रयोगशाळेत मी स्वतः माझ्या हाताखालच्यांना हेच सांगायचे. तेव्हा मला ऐकून बरं वाटलं आणि थोडं हसूही आलं.

त्याच सुमाराला माझ्या भाचीचं लग्न ठरलं. लग्न आमच्याच दारात होणार होतं. चुडा भरायला कोण, हा प्रश्नच नव्हता. चाची आणि त्यांची सून, दोघी आल्या. सोप्यात सतरंजी घातली, बायका जमल्या, नवरी मधे बसली. चाचींनी सवयीनं तिचा हात हातात घेतला, अंगठा तळव्यात दाबला, पंजा मऊ केला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून चढवू लागल्या. पोरीला दुखतंय का, हे त्या चेहऱ्याकडं बघून ओळखायच्या. मी कौतुकानं बघत होते.

तेवढ्यात एक बांगडी वाढली. आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत. एखादी वाढतेच, कोणी मनावर घेत नाही. पण लगेच दुसरी वाढली, आणि काच नवरीच्या मनगटाला लागून रक्ताचा थेंब आला. माझी वहिनी पुढं झाली. चाचींचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी सुनेला खूण केली, "तू भर गं," आणि उठून परसात गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या नळाखाली बोटं धरून उभ्या होत्या. त्यांच्या अंगठ्यालाही कापलं होतं, चांगलं खोल.

"चाची, दुखत नाही का?"

त्यांनी तो अंगठा पदरात लपवला.

मला समजलं. माझ्याही पायांना काही दिवसांपासून मुंग्या येत होत्या. चप्पल पायात आहे का निसटली ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. ते दर आठवड्याच्या जुन्या इंजेक्शनामुळं होतं, जे आम्हा दोघींना मिळत होतं. मी ते सांगितलं होतं आणि माझा डोस कमी केला होता.

"कधीपासून आहे?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आदीपासून," त्या म्हणाल्या. "टोकं मेल्यागत झाल्यात. काच हातात हाय का न्हाई, समजत न्हाई. आदी वाटलं थंडीनं आसंल."

"डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"सांगू नका बाई. तुमाला हात जोडते." त्यांचे डोळे भरून आले. "सांगितलं तर काढून टाकतील मला. सून म्हनती, तरास झाला की नाव कमी करतात. बोटं गेली तर गेली. औषद थांबलं तर काय करू?"

आत बायका गाणी म्हणत होत्या. मी त्यांच्या अंगठ्याला फडकं बांधलं.  मग मी त्यांना म्हणाले, की तुम्हाला काढायचं असेल तर ते फक्त तुमच्या भल्यासाठी काढतील, आणि तरीही उपचार सोडणार नाहीत, हे त्या पोरीनं आपल्याला दोनदा सांगितलंय. आणि दुसरं असं, की तुम्हाला नवं औषध मिळतंय. तुम्ही काही होत नाही म्हणालात तर ते तसंच लिहिणार. उद्या दुसऱ्या गावच्या बाईला तेच औषध, तेवढंच देणार.

चाचींनी फडक्याची गाठ दुसऱ्या हातानं चाचपली.

"ती बी बांगड्या भरनारी आसंल तर," त्या म्हणाल्या.

"असेलही."

"बरं. पन मी माझ्या तोंडानं सांगनार. तुमी मदी बोलायचं न्हाई."

मी बोलले नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि एका दमात सगळं सांगितलं : बोटं, दिवाळी, फुटलेल्या बांगड्या, नवरीचं रक्त. 'फुटलेल्या' म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी एकेक बोट दाबून, टोचून बघितलं.

"हेच तर मला हवं असतं, चाची. लवकर सांगितलं असतंत तर बोटं अजून वाचली असती. हे इंजेक्शन आता काही दिवस थांबवू, मग कमी करून देऊ. बाकीचं चालू राहील."

"नाव कमी करनार?"

"नाही."

"नवं थांबवनार?"

"ते कशाला? त्यानं नाही झालेलं हे."

चाची रिसर्चवालीकडं वळल्या. "आगं पोरी, मग आदी सांगायचं की!"

"चाची, मी कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं!"

"कॅमेऱ्यासमोर मला काय ऐकू येतंय? माझं सगळं ध्यान पदराकडं."

ती मुलगी इतकी हसली की तिला खोलीबाहेर जावं लागलं. पण त्यानंतर तिनं एक गोष्ट सुरू केली. दर खेपेला ती चाचींना, मला आणि बाकीच्यांनाही नुसतं "काही त्रास?" असं विचारायची नाही. भाकरी थापता येते का, बटण लावता येतं का, जिना चढताना पाय कुठं पडतो ते कळतं का, असं विचारायची. मला वाटतं त्यातून तिला बरंच कळलं असावं, कारण तिचं लिहिणं वाढलं.

चाचींची बोटं पूर्ण बरी झाली असं म्हणता येणार नाही. उन्हाळा लागला तेव्हा त्यांना गरम-गार कळायला लागलं. पुढं काचेची कड कळायला लागली. अजून अगदी टोकं बधिर आहेत. आवळ, कडक हात असला की त्या सुनेकडं देतात आणि स्वतः शेजारी बसून नवरीशी बोलत राहतात. सून म्हणते, त्या बोलत असल्या की पोरींना दुखल्याचं कळतच नाही, तेव्हा तसंच बरं आहे. चाचींनीही ते मानलंय. एकदा मला म्हणाल्या, "हात तिचा, तोंड माझं. दुकान चालतंय."

माझ्या पायांच्या मुंग्या जवळजवळ गेल्या. माझ्या आलेखातली रेषा आता सपाट आहे. डॉक्टर म्हणतात, आज तरी आजार दिसत नाही. आणि 'आज तरी' हे दोन शब्द त्या कधी गाळत नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही. आम्ही दोघी आता महिन्यातून एकदा जातो. संशोधनाचा निकाल अजून लागलेला नाही. देशभरातल्या कितीतरी हॉस्पिटलांतल्या लोकांचं एकत्र करून बघायला वेळ लागतो. कोणती बाजू सरस ते कळेल तेव्हा कळेल. नवं सरस ठरावं असं मला मनापासून वाटतं. आणि ते ठरवायला जुनं घेऊन बसलेलं कोणीतरी लागत होतं, तर ती मी होते, यात आता मला कमीपणा वाटत नाही. ह्यांना मी हे एकदा बोलून दाखवलं. ते मिशीतल्या मिशीत हसले; उसाचं नाव मात्र याही वेळी काढलं नाही.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा रिसर्चवालीनं आम्हाला थांबवलं. कुंडलकडचे एक द्राक्षबागायतदार आले होते, नुकतंच निदान झालेलं; तो मोठा उपचार त्यांनाही झेपणार नव्हता आणि संशोधनात यायचं का ते ठरत नव्हतं. पन्नाशीचा उंचापुरा माणूस, पण खुर्चीत अंग चोरून बसलेला. बायको शेजारी. त्यांना कोणाशी तरी बोलायचं होतं, ज्यांनी हे केलंय अशा कोणाशी.

"नवं चांगलं का जुनं?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"मला जुनं मिळालं," मी म्हणाले. "या चाचींना नवं. बघून सांगा कोण बरी दिसतीय."

त्यांनी आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. चाचींनी पदर सारखा केला. त्यांची बायको हसली, आणि ती हसली म्हणून तेही जरासे हसले.

"बागेत जाता येईल का?" त्यांनी विचारलं. "छाटणी तोंडावर आलीय."

"जा की," चाची म्हणाल्या. "पन द्राक्षाचं कॅरेट उचलायचं न्हाई हां, हाडं मोडतील. बांधावर बसायचं आन् दुसऱ्यावर वरडायचं. बागायतदाराला तेवढं जमतंच."

मग त्यांची बायकोच विचारत राहिली : खायला काय, झोप लागते का, केस जातात का. आम्ही जे माहीत होतं ते सांगितलं आणि जे माहीत नव्हतं ते डॉक्टरांना विचारा म्हणालो. तास कसा गेला कळलं नाही. निघताना त्या माणसानं हात जोडले आणि मग काय वाटलं कोणास ठाऊक, चाचींच्या पायाला हात लावला. चाची दचकून मागं सरकल्या. "आगं बया, उठा उठा. वाकायचं न्हाई तुमी, मनका हाय तुमचा."

परतताना मला झोप येत होती, म्हणून मी मागं आडवी झाले आणि चाची पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसल्या. ह्यांनी त्यांना पट्टा लावून दिला. हळदीच्या बाजारावरून जाताना उघड्या खिडकीतून वास आला. चाचींनी विचारलं की हळद एवढी पिवळी कशी करतात, आणि ह्यांना शिजवण्यापासून पॉलिशपर्यंत सांगायला सुचलं.

"व्हय का!" चाची म्हणाल्या.

आष्ट्यापर्यंत मी जागी होते. मग मात्र ह्यांचा आवाज लांब लांब जात राहिला.